खुर्ची घेण्यापूर्वी स्वतःचे माप घ्या

‘खुर्ची’ हा शब्द वर्तमानपत्रात बहुधा राजकारणाच्या पानावर वाचायला मिळतो. खुर्चीसाठी माणसे किती धडपडतात, हे आपण रोज पाहतो. आज मात्र ज्या खुर्चीवर आपण सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत खरोखरच बसतो, त्या लाकडाच्या, लोखंडाच्या किंवा प्लास्टिकच्या खुर्चीविषयी बोलायचे आहे. ती मापाची नसेल तर कंबर, मान आणि पाय यांना वर्षानुवर्षे भोगावे लागते.

एके काळी कंबरदुखीचे रुग्ण म्हटले की शेतात वाकून काम करणाऱ्या बायाबापड्या, हमाल आणि एस.टी.चे चालक डोळ्यांसमोर येत. आजही ते येतातच. पण त्यांच्या रांगेत आता बसून काम करणारी मंडळी मोठ्या संख्येने दिसतात. पतसंस्थेतील लेखनिक, सेतू केंद्रावर दिवसभर दाखले काढणारा तरुण, शिलाई मशीन चालवणाऱ्या भगिनी, दुकानाच्या गल्ल्यावरचे शेठजी, अभ्यासिकेत दहा-दहा तास स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले, आणि २०२० च्या टाळेबंदीपासून गावी राहून संगणकावर नोकरी करणारे तरुण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. सगळ्यांच्या दुखण्याचे कारण खुर्ची नव्हे, हे उघड आहे. पण ज्याला आठ तास बसावेच लागते, त्याने निदान बसण्याची जागा तरी धड असावी, एवढे पाहायला हवे.

दुकानात गेल्यावर मात्र गोंधळ उडतो. ‘ऑर्थोपेडिक’, ‘अर्गोनॉमिक’, ‘बॉस चेअर’, ‘गेमिंग चेअर’ अशी भारदस्त नावे आणि तीन हजारांपासून तीस हजारांपर्यंत किमती. महाग ते चांगले, असे वाटून काही जण कर्ज काढतात. परवडत नाही म्हणून बाकीचे स्टुलावरच दिवस ढकलतात. दोघांनाही सांगावेसे वाटते की, खुर्चीची किंमत हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आहे तुमच्या शरीराच्या मापाचा. ‘अर्गोनॉमिक’ हा शब्दच मुळी ग्रीक भाषेतील ‘एर्गॉन’ म्हणजे काम आणि ‘नोमोस’ म्हणजे नियम या दोन शब्दांपासून झाला आहे. काम माणसाला जुळवून घ्यायचे, माणसाने स्वतःला वाकवून कामाला जुळवून घ्यायचे नाही, हा त्याचा आशय. शिंप्याने माप न घेता शिवलेला सदरा कितीही भारी कापडाचा असला तरी अंगावर बसत नाही. खुर्चीचेही तसेच आहे.

बसल्यावर पाठीत काय होते?

आपला पाठीचा कणा सरळ काठीसारखा नसतो. कंबरेच्या भागात त्याला आत, म्हणजे पोटाच्या बाजूला, थोडा बाक असतो. उभे असताना हा बाक टिकून राहतो. आपण खुर्चीवर बसलो की मांड्या पुढे येतात, कंबरेचे हाड मागे झुकते आणि हा बाक सपाट होतो. पुढे वाकून बसलो तर तो उलट दिशेला वळतो. दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारख्या चकत्या असतात. त्यांवर असा विषम दाब येतो आणि मागचे स्नायू व अस्थिबंध ताणले जातात.

स्वीडनमधील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात प्रत्यक्ष चकतीत सुई घालून हा दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा आधाराविना बसल्यावर दाब वाढतो, असे त्यांना आढळले. पुढे १९९९ साली जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक चांगल्या उपकरणाने एका व्यक्तीच्या चकतीतील दाब नोंदवला. त्यात ताठ बसणे आणि उभे राहणे यांत फारसा फरक दिसला नाही. पण पुढे वाकून बसल्यावर दाब बराच वाढला आणि मागे टेकून सैल बसल्यावर तो उभे असतानापेक्षाही कमी झाला.

यातून आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की, शाळेत गुरुजी सांगत तसे छडीसारखे ताठ बसण्याचा अट्टाहास नको. तसे पंधरा मिनिटांच्या वर कोणालाच बसवत नाही. नीट मागे सरकून, पाठ टेकून, किंचित मागे कललेल्या अवस्थेत बसणे कंबरेला सुखाचे असते. पाठ आणि मांडी यांत काटकोनापेक्षा थोडा मोठा, साधारण १०० ते ११० अंशांचा कोन असावा. म्हणजे टेकायला जागा असणे आणि ती योग्य ठिकाणी असणे, हे खुर्चीचे पहिले काम.

घरीच घ्या तीन मापे

दुकानात जाण्यापूर्वी शिलाईची टेप घ्या आणि घरातील कोणालातरी मदतीला बोलवा.

पहिले माप गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत. कामावर जी चप्पल किंवा बूट घालता तेच घालून मोजा. ही तुमच्या बैठकीची उंची. ढोबळ हिशेब सांगायचा तर अनवाणी पायांनी हे माप आपल्या उंचीच्या साधारण पाव भरते. पाच फूट म्हणजे १५२ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे ते ३८ सेंटिमीटरच्या आसपास येते, तर पाच फूट आठ इंच उंचीच्या व्यक्तीचे ४३ च्या आसपास. बाजारातील साध्या खुर्च्यांची बैठक बहुधा ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट असते. ठेंगण्या व्यक्तींचे, आणि म्हणून आपल्याकडील पुष्कळ स्त्रियांचे पाय त्यावर अधांतरी का राहतात, ते यावरून समजेल. पाय लोंबकळले की बैठकीची कड मांडीखाली रुतते, पायांना मुंग्या येतात, संध्याकाळी घोट्याशी सूज दिसते. मग माणूस पाय टेकवण्यासाठी पुढे सरकतो आणि पाठीचा आधार सुटतो.

दुसरे माप भिंतीला पाठ टेकून स्टुलावर बसून घ्या. भिंतीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचे अंतर मोजा आणि त्यातून तीन बोटे, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर वजा करा. ही तुमच्या बैठकीची खोली. मोठ्या, ऐसपैस ‘बॉस’ खुर्च्या इथेच फसतात. बैठक जास्त खोल असेल तर पाठ टेकेपर्यंत कड पोटऱ्यांना लागते.

तिसरे माप हात सैल सोडून, कोपर काटकोनात वाकवून घ्या. बैठकीपासून कोपरापर्यंतची ही उंची बहुतेकांची २० ते २४ सेंटिमीटर असते. टेबलाची उंची आणि खुर्चीच्या हातांची उंची यावरून ठरते.

खुर्चीचा सोबती टेबल

खुर्ची एकटी कधीच दोषी नसते. आपल्याकडील नेहमीचे टेबल अडीच फूट, म्हणजे ७५ सेंटिमीटर उंच असते. आता हिशेब करा. पाच फुटांची भगिनी तिच्या मापाच्या ३९ सेंटिमीटरच्या बैठकीवर बसली, तर तिचे कोपर जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर येते. टेबल त्याहून तब्बल १५ सेंटिमीटर वर! मग दिवसभर खांदे उचलून काम करावे लागते आणि मान व खांद्यांमधील स्नायू दगडासारखे कडक होतात. लिहिण्यासाठी टेबल कोपरापेक्षा चार-पाच सेंटिमीटर उंच चालते. की-बोर्डसाठी मात्र ते कोपराच्याच पातळीला हवे.

माझ्याकडे एका पतसंस्थेत काम करणाऱ्या भगिनी येत असत. दोन वर्षे मान आणि कंबर दुखत होती. रक्त तपासले, एक्स-रे काढला, पट्टा विकत घेतला, वेदनाशामक गोळ्यांनी पित्त वाढले. शेवटी पदरचे अकरा हजार घालून उंच पाठीची खुर्ची आणली. दुखणे होते तिथेच. नोकरी सोडावी का, असे विचारायला त्या आल्या होत्या. मी त्यांना बसून दाखवायला सांगितले, तेव्हा त्या खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसल्या. पाय टेकवायचे तर तिथेच बसावे लागे. एवढ्या महाग खुर्चीच्या पाठीला त्यांची पाठ कधी लागलीच नव्हती! टेबल पतसंस्थेचे, ते कापता येणार नव्हते. म्हणून खुर्ची कोपर टेबलाच्या पातळीला येईपर्यंत वर घेतली आणि सुताराकडून पायांखाली पाच इंचांची किंचित उतरती प्लायवूडची पेटी करून घेतली. सोबत रोजचे चालणे आणि मानेचे साधे व्यायाम सुरू केले. दीड-दोन महिन्यांत गोळ्या बंद झाल्या. कंबर अजूनही कधीतरी बोलते. नोकरी मात्र सुरू आहे.

दुकानात काय पाहावे?

हात राखून खर्च करायचा असेल तर पुढील क्रमाने पाहा.

उंची कमी-जास्त करता येणे ही सर्वांत महत्त्वाची सोय. खटका दाबला की वर-खाली होणाऱ्या खुर्चीला लोक ‘हायड्रॉलिक’ म्हणतात. प्रत्यक्षात तिच्या दांड्यात दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो. खुर्ची सर्वांत खाली घेऊन टेपने बैठकीची उंची मोजा. ती तुमच्या पहिल्या मापापेक्षा जास्त भरत असेल तर पायांखाली पाट लागणारच, हे ओळखा. दहा मिनिटे बसून राहा. खुर्ची आपोआप खाली बसत असेल तर ती घेऊ नका. बिघडलेला दांडा घरी उघडण्याचा किंवा ठोकण्याचा उद्योग मुळीच करू नये. तो बदलूनच घ्यावा.

कंबरेचा फुगवटा तुमच्या कंबरेच्या बाकातच, साधारण पट्टा बांधतो त्याच्या थोडा वर यायला हवा. पुष्कळ खुर्च्यांत तो बरगड्यांशी येतो आणि पाठीला ढकलतो. वर-खाली सरकणारा आधार असेल तर चार-पाचशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही.

बैठक मुठीने जोरात दाबा. खालची फळी हाताला लागली तर तो फोम वर्षभरात बसणार. फार मऊ, आत रुतणारी बैठकही नको. तीत कंबर मागे झुकते. पुढची कड खाली गोलसर वळलेली असावी.

कापड पाहताना आपला उन्हाळा आठवा. एप्रिल-मे महिन्यांत रेक्झीनच्या खुर्चीवर घामाने अंगाला पुरळ उठते. जाळीची पाठ आपल्या हवेला बरी. जुन्या सरकारी कचेऱ्यांतील वेताने विणलेल्या खुर्च्या याच कारणाने सुखाच्या होत्या.

खाली पाच पायांचा तळ असावा. चार पायांची फिरती खुर्ची कलंडण्याची भीती अधिक. फरशी गुळगुळीत असेल तर कडक प्लास्टिकची चाके सरकतात. रबरासारखी मऊ चाके घ्या. वजन शंभर किलोच्या घरात असेल तर खुर्ची किती वजनासाठी बनवली आहे, ते लेबलावर वाचा.

खुर्चीचे हात कोपराच्या मापाचे असावेत आणि टेबलाखाली जावेत. ते टेबलाला आडवे येत असतील तर नसलेलेच बरे.

काही खुर्च्यांवर ‘बिफमा’ असा शिक्का असतो. ही फर्निचर उत्पादकांची अमेरिकन संघटना आहे आणि ऑफिसच्या खुर्च्यांसाठीची तिची प्रचलित चाचणी मुख्यतः मजबुती आणि सुरक्षितता तपासते. म्हणजे खुर्ची मोडणार नाही, याचा भरवसा मिळतो. ती तुमच्या अंगाला बसेल की नाही, हे शिक्का सांगत नाही. ‘ऑर्थोपेडिक’ या शब्दाचेही तेच.

मानेचा आधार, पाय पसरायची फळी, मालिश करणारी मोटार, चामड्याचा दिमाख यांवरचे पैसे वाचवा. साधारण चार ते सहा हजारांत कामाची खुर्ची मिळू शकते. मोठ्या शहरांतील कार्यालये बदलताना निघालेल्या वापरलेल्या खुर्च्याही विक्रीला येतात. दांडा, चाके आणि फोम शाबूत असतील तर नव्या हलक्या खुर्चीपेक्षा अशी जुनी भारी खुर्ची परवडते. खरेदी कुठेही करा, पण पावती आणि दांड्याची हमी लिहून घ्या आणि न बसता खुर्ची घेऊ नका.

पैसे नसतील तर?

आहे त्या खुर्चीतही पुष्कळ सुधारता येते. जुना टॉवेल घट्ट गुंडाळून, सुतळीने बांधून कंबरेच्या बाकात ठेवा. बैठक खोल असेल तर पाठीमागे उशी ठेवा, म्हणजे खोली कमी होईल. पाय लोंबकळत असतील तर जेवणाचा पाट पायांखाली घ्या. कमी पडला तर दोन विटांवर फळी ठेवा. प्लास्टिकच्या खुर्चीवर सतरंजीची जाड घडी टाका. लॅपटॉपवर काम असेल तर तो जाड पुस्तकांवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा आणि चार-पाचशे रुपयांचा वेगळा की-बोर्ड जोडा. अभ्यासिकेतील मुलांनी पुस्तक आडवे न ठेवता उतरत्या फळीवर ठेवावे. आपले मुनीमजी उतरत्या मेजावर हिशेब लिहीत, ते उगाच नव्हे.

आणि तरीही उठा

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जगातील कोणतीही खुर्ची आठ तास सलग बसण्यासाठी नाही. प्रौढ माणसाच्या मणक्यांतील चकत्यांच्या आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्यांचे पोषण भोवतालच्या भागातून झिरपून होते आणि त्याला हालचालीची मदत लागते. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठा. पाणी पिण्यासाठी बाटली जवळ ठेवू नका, माठाकडे चालत जा. फोन आला की उभे राहून बोला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सल्ल्यानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चाललात की तो पुरा होतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

खुर्चीच्या दुरुस्तीत वेळ घालवू नये, अशी काही लक्षणे आहेत. दुखणे कमरेतून गुडघ्याखाली उतरणे, पाय बधिर होणे किंवा चालताना चप्पल पायातून निसटणे. रोज संध्याकाळी ताप, वजन घटणे आणि रात्री झोपेतून उठवणारे दुखणे. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून आहे, हे विसरू नये. वयस्कर व्यक्तीस किरकोळ पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे. या साऱ्यांत लवकर तपासणी करावी. आणि लघवी-शौचावरचा ताबा जाणे, लघवी अडणे किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा येणे; यात त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास नसांची हानी कायमची राहू शकते.

वाचकांचे प्रश्न

*प्रश्न : वडील आयुष्यभर दुकानात गादीवर बसले, त्यांची पाठ दुखली नाही. मग खुर्ची हवीच कशाला?*

उत्तर : गादीवरचा माणूस कधी लोडाला टेकतो, कधी मांडी बदलतो, कधी गुडघा उभा करतो, माल काढायला उठतो. ही हालचालच त्यांच्या कामी आली. गुडघे चांगले असतील तर आपणही बसावे. मात्र लोड कमरेशी हवा आणि संगणक गादीवर नको.

*प्रश्न : खुर्चीवर बसताना कंबरेचा पट्टा बांधावा का?*

उत्तर : नेहमीसाठी नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात असे पट्टे सरसकट वापरू नयेत, असे म्हटले आहे. शस्त्रक्रिया किंवा अस्थिभंगानंतर डॉक्टरांनी सांगितले असेल तर गोष्ट वेगळी.

लक्षात ठेवा

१. आधी शरीर मोजा, मग खुर्ची मोजा, शेवटी किंमत विचारा.

२. तळपाय पूर्ण टेकलेले, गुडघ्यामागे तीन बोटे जागा, कमरेला आधार, कोपर टेबलाच्या पातळीला.

३. टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्या आणि पायांखाली पाट ठेवा.

४. दर अर्ध्या तासाने उठा.

५. पायात बधिरता, ताप किंवा लघवीची तक्रार असेल तर खुर्ची न बदलता डॉक्टर गाठा.

पुढील आठवड्यात : दुचाकी, खड्डे आणि आपली कंबर.